दिवाळखोरीची पात्रता आणि उत्पन्नाची मोजपट्टी

कर्ज फेडणे आता शक्य नाही, असे न्यायालयापुढे सांगणाऱ्या माणसाला त्या कर्जातून मोकळे करावे की नाही, हा प्रश्न जुन्या कायद्यांनी प्रामुख्याने त्याच्या मालमत्तेकडे पाहून सोडवला. घर, जमीन, दागिने किंवा दुकानातील माल जे काही असेल ते ताब्यात घ्यावे, विकून आलेली रक्कम धनकोंमध्ये, म्हणजे ज्यांचे पैसे येणे आहे त्यांच्यात, हिश्शाने वाटावी आणि राहिलेल्या कर्जाचे काय करायचे ते मग ठरवावे, अशी ती रीत होती. विसाव्या शतकात मात्र दरमहाच्या पगारावर जगणारा, फारशी मालमत्ता नसलेला आणि पुढच्या पगाराच्या भरवशावर आजच उधारी करणारा वर्ग मोठा झाला, आणि विकण्यासारखे काही नसले तरी उद्याची कमाई ज्याच्या हाती आहे, अशा माणसाला कर्जमुक्ती देताना त्याचे उत्पन्न विचारात घ्यावे का, घ्यावे तर किती आणि कसे मोजून, हा नवा वाद उभा राहिला. या वादाला सर्वांत तपशीलवार, आकडेमोडीच्या भाषेत लिहिलेले उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी २००५ साली दिले. ते उत्तर कसे चालते आणि कोठे चुकते, हे समजून घेणे तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी उपयोगाचे आहेच, शिवाय भारतात व्यक्तींसाठीचा नवा नादारी कायदा अजून बहुतांशी कागदावरच असल्यामुळे येथील वाचकांनीही त्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत दिवाळखोरी हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे. तेथील संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदाने देशभर एकसमान नादारी कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला दिला आहे. आजची नादारी संहिता १९७८ साली संमत झाली आणि १९७९ च्या ऑक्टोबरपासून अमलात आली. तिच्यातील दोन प्रकरणे सामान्य माणसाच्या कामाची आहेत आणि ती त्यांच्या क्रमांकांनीच ओळखली जातात. प्रकरण ७ नुसार अर्जदाराची सूट नसलेली मालमत्ता न्यायालयाने नेमलेला विश्वस्त विकतो, धनकोंना वाटा देतो आणि बहुतेक विनातारण कर्जे, उदाहरणार्थ क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा रुग्णालयाचे बिल, काही महिन्यांत कायमची संपतात. व्यवहारात बहुसंख्य अर्जदारांकडे विकण्याजोगे काहीच निघत नाही, त्यामुळे धनकोंच्या हाती काही पडत नाही आणि ऋणको, म्हणजे कर्जदार, भविष्यातील कमाईसह मोकळा होतो. प्रकरण १३ मध्ये उलट घडते: नियमित उत्पन्न असलेला ऋणको आपली मालमत्ता राखतो, पण ३ ते ५ वर्षे आपल्या कमाईतून खर्च भागवून उरणारी रक्कम विश्वस्ताकडे भरतो आणि ती मुदत पुरी झाल्यावर उर्वरित कर्जातून सुटतो. एका वाटेने मालमत्ता द्यायची, दुसऱ्या वाटेने कमाईचा भाग द्यायचा. आणि ऋणकोने कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्यासाठीच उत्पन्नाची अट आली.

१९७८ च्या संहितेने ही निवड मुळात ऋणकोवरच सोपवली होती. १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि सवलतीचा ठळक गैरवापर दिसल्यास न्यायाधीशाला प्रकरण ७ चा अर्ज फेटाळता येऊ लागला. पण ठळक गैरवापर म्हणजे काय हे कायद्याने सांगितले नव्हते, त्यामुळे निर्णय त्या त्या न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून राहिला. नव्वदच्या दशकात अर्जांची संख्या वाढत गेली तेव्हा क्रेडिट कार्ड कंपन्यांनी आणि बँकांनी असा प्रचार चालवला की पैसे देऊ शकणारी माणसेही केवळ सोय म्हणून दिवाळखोरी पत्करतात आणि त्याचा भार प्रामाणिक ग्राहकांवर पडतो. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २००० च्या डिसेंबरमध्ये असे एक विधेयक स्वाक्षरीविना अडवले, परंतु २० एप्रिल २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने त्याच धर्तीचा कायदा झाला आणि तो १७ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्या काळात डेलावेअरचे सिनेटर असलेले जो बायडेन विधेयकाच्या बाजूने होते आणि हार्वर्डमध्ये दिवाळखोरी कायदा शिकवणाऱ्या एलिझाबेथ वॉरेन ठाम विरोधात; आजारपण, नोकरी जाणे आणि घटस्फोट ही कुटुंबे बुडण्याची मुख्य कारणे आहेत, चैन नव्हे, असे वॉरेन आणि त्यांचे सहकारी न्यायालयीन कागदपत्रांचा अभ्यास करून १९८० च्या दशकापासून मांडत आले होते. विधेयकाच्या समर्थकांनी या कारणांचा फारसा विचार केला नाही, आणि पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ येथेच आहे.

२००५ च्या कायद्याने न्यायाधीशाच्या विवेकापुढे एक आकडेमोड उभी केली, तिला मीन्स टेस्ट म्हणतात. मराठीत तिला ऐपत चाचणी म्हणता येईल. तिची पहिली पायरी अशी की अर्जदाराचे चालू मासिक उत्पन्न काढायचे. नाव चालू असले तरी ते चालू महिन्याचे नसते. अर्ज ज्या महिन्यात दाखल होतो त्याच्या आधीच्या पूर्ण ६ महिन्यांत सर्व मार्गांनी मिळालेल्या उत्पन्नाची ती सरासरी असते. त्यात पगार, व्यवसायाचा नफा, भाडे, व्याज, निवृत्तिवेतन आणि घरखर्चासाठी दुसऱ्या कोणी नियमितपणे दिलेली रक्कमही धरली जाते, मग त्यावर कर लागत असो वा नसो. वगळली जाते ती मुख्यतः सोशल सिक्युरिटी, म्हणजे वृद्ध, अपंग आणि आश्रितांना मिळणारे शासकीय सामाजिक सुरक्षेचे वेतन. २०१९ च्या एका दुरुस्तीने माजी सैनिकांना अपंगत्वापोटी मिळणारे भत्तेही बाजूला ठेवण्यात आले. ज्या वृद्धाची उपजीविका केवळ सोशल सिक्युरिटीवर चालते त्याचे उत्पन्न या हिशेबात शून्य निघते, आणि ते योग्यच आहे.

ही मासिक सरासरी १२ ने गुणून येणारा आकडा त्या राज्यातील, तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाशी ताडून पाहतात. मध्यक उत्पन्न म्हणजे सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मध्ये येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न. निम्मी कुटुंबे त्याच्या खाली आणि निम्मी वर असतात. जनगणना खात्याच्या आकडेवारीवरून हे मध्यक ठरते आणि ते वेळोवेळी बदलत असते. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्ससारख्या महाग राज्यात ते मिसिसिपीपेक्षा कितीतरी वर असते, त्यामुळे एकाच पगाराचा माणूस एका राज्यात मध्यकाच्या खाली आणि दुसऱ्यात वर ठरू शकतो. अर्जदार मध्यकाच्या खाली असेल तर ऐपत चाचणी तेथेच संपते आणि त्याच्याविरुद्ध गैरवापराचे गृहीतक लागू करता येत नाही. प्रकरण ७ चे बहुसंख्य अर्जदार या पहिल्याच पायरीवर पार होतात, ही गोष्ट २००५ पूर्वीच्या आरोपांच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. ज्या सधन लबाडांना पकडण्यासाठी एवढी यंत्रणा उभारली ते मुळात थोडेच होते.

मध्यकाच्या वर असलेल्यांसाठी दुसरी पायरी सुरू होते. त्यांच्या मासिक उत्पन्नातून खर्च वजा करायचे, परंतु खर्च प्रत्यक्ष किती होतो हे अनेक बाबतींत विचारात घेतलेच जात नाही. अन्न, कपडे, घर आणि वाहन यांसाठी तेथील आयकर खात्याने थकबाकीदारांकडून वसुली करताना वापरायला जी प्रमाणके आखली आहेत तीच येथे लागू होतात. कर, मुलांच्या सांभाळाचा खर्च, आरोग्य विम्याचे हप्ते अशा काही गोष्टी प्रत्यक्ष रकमेने धरल्या जातात, आणि गृहकर्ज व वाहनकर्जासारख्या तारणी कर्जांचे पुढील ५ वर्षांतील करारानुसारचे हप्ते पूर्ण वजा मिळतात. एवढे करून दरमहा जे उरेल ते ६० ने गुणायचे. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या मर्यादांनुसार हा गुणाकार १०,२७५ डॉलरपेक्षा कमी भरला तर अर्जाला अडथळा नाही. १७,१५० डॉलर किंवा अधिक भरला तर अर्ज हा सवलतीचा गैरवापर आहे असे कायदा गृहीत धरतो. आणि मधल्या पट्ट्यात असेल तर ती रक्कम अर्जदाराच्या अग्रक्रम नसलेल्या विनातारण कर्जाच्या २५ टक्क्यांइतकी किंवा अधिक आहे का, हे पाहिले जाते. २००५ साली या मर्यादा ६,००० आणि १०,००० डॉलर होत्या. महागाईनुसार त्या दर ३ वर्षांनी वाढवल्या जातात.

आकडे मांडून पाहिले म्हणजे या सूत्राचा स्वभाव कळतो. एखाद्या कुटुंबाकडे मान्य खर्च वजा जाता महिन्याला २२० डॉलर उरतात असे समजू. ५ वर्षांचे १३,२०० डॉलर होतात आणि कुटुंब मधल्या पट्ट्यात येते. त्याचे विनातारण कर्ज ४०,००० डॉलर असेल तर त्याचे २५ टक्के १०,००० होतात, शिल्लक त्याहून जास्त आहे, म्हणून गैरवापराचे गृहीतक लागू होते. तेच कर्ज ६०,००० डॉलर असेल तर २५ टक्के १५,००० होतात, शिल्लक तेवढी नाही, म्हणून कुटुंब पात्र ठरते. जास्त कर्ज असलेल्याची फेडण्याची शक्यता कमी, या विचाराने पाहिले तर यात तर्क आहे. पण वेळीच हात आखडता घेणाऱ्याचे दार बंद आणि अधिक बुडालेल्याचे उघडे, असा त्याचा परिणाम होतो.

याहून गंभीर दोष ६ महिन्यांच्या सरासरीत आहे. मार्चअखेरपर्यंत महिन्याला ९,००० डॉलर मिळवणाऱ्या एखाद्याची नोकरी गेली आणि एप्रिलपासून किरकोळ कामांतून त्याला महिन्याला २,००० डॉलरच मिळू लागले, असे धरू. त्याने मे महिन्यात अर्ज केला तर नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांची सरासरी ७,८३३ डॉलर येते आणि त्याचे वार्षिक उत्पन्न ९४,००० डॉलर मानले जाते. जुलैमध्ये अर्ज केला तर तेच ६६,००० होते, आणि ऑक्टोबरमध्ये केला तर २४,०००. मे महिन्यात त्याचा खिसा जितका रिकामा होता तितकाच ऑक्टोबरमध्येही आहे, किंबहुना मधल्या काळात साठवलेले पैसे संपल्यामुळे अधिकच रिकामा आहे. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो मेमध्ये सुस्थितीतला आणि ऑक्टोबरमध्ये गरीब. अर्जाची तारीख निवडणे हा म्हणूनच तेथील वकिलांच्या सल्ल्याचा एक मुख्य भाग झाला आहे, आणि ज्याच्या पगारातून न्यायालयीन आदेशाने कपात सुरू झाली आहे किंवा ज्याचे घर लिलावात निघाले आहे त्याला वाट पाहण्याची चैन परवडत नाही.

नोकरी गेल्याची गोष्ट चाचणीत अगदीच बेदखल आहे असे नाही. गृहीतक लागू झाल्यावरही गंभीर आजार किंवा लष्करी सेवेवर बोलावणे येणे यांसारखी विशेष परिस्थिती कागदपत्रांसह सिद्ध करून अर्जदाराला ते खोडून काढता येते. मात्र सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असते आणि त्यासाठी वकील लागतो. उलट दिशेनेही कायदा मोकळा आहे: चाचणी पार झालेल्या अर्जदाराच्या बाबतीतही न्यायालय एकंदर परिस्थिती आणि हेतू पाहून अर्ज फेटाळू शकते. ज्याचे कर्ज मुख्यतः घरगुती वापराचे नसून व्यवसायाचे आहे त्याला ही चाचणी लागूच होत नाही, ही तरतूद सहसा सामान्य लोकांना ठाऊक नसते. दुकान बुडालेला छोटा व्यापारी चांगल्या पगाराच्या नोकरीला लागला तरी त्याला प्रकरण ७ चे दार उत्पन्नाच्या या सूत्रामुळे बंद होत नाही, पण मुलाच्या आजारपणात क्रेडिट कार्ड वापरलेल्या परिचारिकेला ते बंद होऊ शकते. धंद्यातला धोका कायदा समजून घेतो आणि घरातला धोका संशयाने पाहतो, हा भेद समर्थनीय नाही.

चाचणीत न बसणाऱ्याला कोणी बळजबरीने प्रकरण १३ मध्ये ढकलू शकत नाही; न्यायालय त्याचा अर्ज फेटाळते किंवा त्याची संमती असेल तर प्रकरण १३ मध्ये वर्ग करते. तेथे उत्पन्नाचा प्रश्न पुन्हा नव्या रूपाने येतो. मध्यकाच्या खालच्या ऋणकोची परतफेड योजना साधारणपणे ३ वर्षांची, वरच्याची ५ वर्षांची, आणि या योजनेत किती रक्कम भरायची हे खर्चानंतर उरणाऱ्या उत्पन्नावर ठरते. प्रकरण १३ साठी नियमित उत्पन्न असावेच लागते, म्हणजे येथे उत्पन्न नसणे ही अपात्रता आहे; शिवाय एप्रिल २०२५ पासून विनातारण कर्ज ५,२६,७०० आणि तारणी कर्ज १५,८०,१२५ डॉलरच्या आत असणे आवश्यक आहे. घराचे हप्ते थकलेले, पण घर वाचवायचे आहे, अशा कुटुंबाला ही वाट खरोखर उपयोगी पडते, कारण थकबाकी या योजनेतून हळूहळू भरता येते. पण ३ ते ५ वर्षे एकही मोठे आजारपण नाही, गाडी बिघडणे नाही, नोकरीत खंड नाही, असे ताणलेल्या अंदाजपत्रकावर जगणाऱ्या घरात क्वचितच घडते, आणि त्यामुळे पुष्कळ योजना अर्ध्यावरच मोडतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे या मोजणीचे दोन प्रश्न आले आणि त्यांचे निकाल परस्परांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कॅन्सास राज्यातील एका महिलेला जुन्या मालकाकडून नोकरी सोडताना एकरकमी पैसे मिळाले होते, ते ६ महिन्यांच्या सरासरीत आल्याने तिचे उत्पन्न प्रत्यक्षातील नव्या पगाराच्या दुपटीहून अधिक दिसत होते, आणि त्या काल्पनिक उत्पन्नाच्या हिशेबाने हप्ता भरणे तिला अशक्य होते. न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले की प्रकरण १३ मध्ये पुढील काळातील उत्पन्नाचा अंदाज करताना जे बदल निश्चित किंवा जवळजवळ निश्चित आहेत ते विचारात घ्यावेत, केवळ मागची सरासरी यंत्रवत पुढे ओढू नये. २०११ च्या दुसऱ्या निकालात प्रश्न होता कर्ज फिटलेल्या गाडीचा: ज्याला गाडीचा हप्ताच भरायचा नाही त्याला गाडीच्या मालकीखर्चाचे प्रमाणक वजा मिळावे का? न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताच्या वतीने नाही असे उत्तर दिले, कारण जो खर्च नाही त्याची वजावट नाही. कायद्याच्या शब्दांत हे उत्तर बसते. पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा की जुनी गाडी वापरून कर्ज फेडून टाकणारा ऋणको धनकोंना जास्त देतो आणि नवी महाग गाडी हप्त्याने घेणारा कमी, कारण त्याचे हप्ते वजा होतात. मोठ्या गृहकर्जाचेही तेच. काटकसरीला दंड आणि उधळेपणाला सूट देणारी मोजपट्टी शिस्त लावण्याच्या हेतूने आलेल्या कायद्यात असावी, हे त्या कायद्याचे मोठे अपयश आहे.

ऐपत चाचणीचा सर्वांत खोल परिणाम मात्र तिच्या सूत्रात नाही, तिच्या खर्चात आहे. ६ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, करविवरणे, अर्जापूर्वी १८० दिवसांच्या आत घेतलेल्या पतसल्ल्याचे प्रमाणपत्र, नंतर आर्थिक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, आणि कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल वकिलावर टाकलेली वाढीव जबाबदारी, या सगळ्यामुळे वकिलांचे शुल्क वाढले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार प्रकरण ७ चे सरासरी वकीलशुल्क कायद्यानंतर सुमारे ५० टक्क्यांनी चढले होते. प्रकरण ७ चे न्यायालयीन शुल्क ३३८ डॉलर आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांहून कमी असेल आणि हप्त्यानेही भरणे शक्य नसेल तर ते माफ होऊ शकते, पण वकिलाचे शुल्क माफ होत नाही आणि ते बहुधा आगाऊ द्यावे लागते. प्रकरण १३ मध्ये ते योजनेच्या हप्त्यांतून देता येते. परिणामी ज्यांना प्रकरण ७ चा पूर्ण हक्क आहे असे गरीब ऋणको केवळ वकिलाला देण्यासाठी रोख नाही म्हणून प्रकरण १३ ची लांब वाट धरतात, आणि जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी या दक्षिणेकडील राज्यांत ही रूढी विशेष घट्ट आहे. २००५ मध्ये, कायदा लागू होण्यापूर्वी अर्ज करून घेण्याच्या घाईने, अर्जांची संख्या २० लाखांवर गेली होती. २००६ मध्ये ती ६ लाखांच्या घरात उतरली, पण मंदीनंतर २०१० मध्ये पुन्हा १५ लाखांवर पोहोचली. चाचणीने कर्जबाजारीपणा कमी केला नाही. तो जाहीर करणे महाग केले.

इतर देशांनी हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे हाताळला आहे. कॅनडात उत्पन्न जास्त आहे म्हणून दिवाळखोरीचे दार बंद होत नाही. शासनाने ठरवलेल्या निर्वाह पातळीच्या वर महिन्याला २०० डॉलर किंवा अधिक उत्पन्न असणाऱ्याने त्या आधिक्याचा निम्मा भाग धनकोंसाठी भरायचा, आणि पहिल्याच दिवाळखोरीत ९ महिन्यांऐवजी २१ महिन्यांनी मोकळे व्हायचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गरिबांसाठी कर्जमुक्ती आदेशाची स्वतंत्र सोय असून ५०,००० पौंडांपर्यंत कर्ज आणि प्रत्यक्ष खर्च भागवून महिन्याला ७५ पौंडांहून अधिक न उरणारे उत्पन्न ही तिच्या अटींपैकी मुख्य आहेत. तिचे शुल्क एप्रिल २०२४ पासून रद्द झाले. दोन्ही ठिकाणी आजचे उत्पन्न आणि आजचा खर्च पाहिला जातो, आणि न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पैसे साठवावे लागत नाहीत किंवा कमी लागतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यातील काही गोष्टी नीट लक्षात ठेवायला हव्यात. दिवाळखोरीसाठी नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत वास्तव्य, व्यवसाय किंवा मालमत्ता असणे पुरेसे असते. पण उत्पन्न आणि मालमत्ता जगात कोठेही असली तरी ती हिशेबात येते: पुण्याच्या सदनिकेचे भाडे चालू मासिक उत्पन्नात धरावे लागते, आणि गावाकडील वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा, भारतातील मुदतठेव किंवा सोने अर्जात दाखवावे लागते, ते जाणूनबुजून लपवणे हा ५ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. एकट्या पतीने किंवा पत्नीने अर्ज केला तरी एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न आधी मोजले जाते, आणि त्याने स्वतःसाठी वेगळा केलेला खर्च दाखवून ते कमी करून घ्यावे लागते. याउलट एक दिलासा देणारी तरतूद फारशी माहीत नसते: वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग आई-वडिलांच्या सांभाळासाठी नियमित केलेला वाजवी खर्च, ते स्वतः तो करू शकत नसतील तर, ऐपत चाचणीत वजा मागता येतो. भारतात पाठवलेल्या अशा पैशांची बँकेतील नोंद आणि वैद्यकीय कागदपत्रे जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

भारताचा, आणि त्यातही महाराष्ट्राचा, या विषयाशी संबंध नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या सावकारविरोधी उठावानंतर १८७९ साली झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी होता. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, त्याच्या नादारीची स्वतंत्र व्यवस्था केली, आणि शेतकरी कोण हे ठरवताना उपजीविका पूर्णतः किंवा मुख्यतः शेतीवर चालते का, हा निकष लावला. उत्पन्न किती यापेक्षा ते कशातून येते, यावर तेथे पात्रता ठरत होती. पुढे आणीबाणीच्या काळात केलेल्या महाराष्ट्र ऋण निवारण कायद्याने अल्पभूधारक, कारागीर आणि कामगार यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घालून सावकारी कर्जातून सोडवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा वैध ठरवला. या कायद्यांच्या कक्षेबाहेरच्या माणसासाठी मात्र मुंबईत १९०९ चा आणि राज्याच्या इतर भागांत १९२० चा ब्रिटिशकालीन नादारी कायदाच राहिला. १९२० च्या कायद्यात ऋणकोने स्वतः अर्ज करण्यासाठी ५०० रुपयांचे कर्ज पुरे आहे, उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाला संरक्षण मिळते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे, कारण त्यानुसार पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सामान्य हुकूमनाम्यापोटी जप्त होत नाही.

हे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता येणार होती. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी नव्या आरंभाची प्रक्रिया सांगितली आहे आणि तिच्यासाठी एकूण वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून अधिक नसावे, मालमत्ता २०,००० रुपयांहून आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांहून अधिक नसावे, आणि राहते घर स्वतःचे नसावे अशा अटी आहेत. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा तिसरा भाग केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. बुडालेल्या उद्योगाच्या प्रवर्तकासाठी कायदा आला, हप्ते थकलेल्या रिक्षाचालकासाठी किंवा शिक्षकासाठी आला नाही. तो आणताना अमेरिकेच्या अनुभवातून एवढे तरी घ्यावे की उत्पन्नाची मोजणी मागील महिन्यांच्या सरासरीवर न करता अर्जाच्या दिवशीच्या खऱ्या परिस्थितीवर व्हावी, कर्ज व्यवसायाचे की घरचे यावरून ऋणकोच्या प्रामाणिकपणाचा निवाडा होऊ नये, आणि अर्जाचा खर्च सर्वांत गरीब अर्जदाराला झेपेल असा असावा. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. पूर्णवेळ काम करून किमान वेतन मिळवणारा महाराष्ट्रातील कोणताही कामगार या मर्यादेत बसत नाही, आणि संसदेने ती मर्यादा वाढवल्याशिवाय ही प्रक्रिया सुरू झाली तरी तिचा लाभ घेणारे फारसे कोणी उरणार नाही.